गळती २०५० च्या सुमारास थांबेल

गच्ची गळतेय, वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकाकडून वर्गणी काढायची आहे, म्हणून सेक्रेटरींनी सभेची नोटीस जिन्याखाली चिकटवली आहे. तुम्हाला एक रुपयाही सोडायचा नाही. हरकत नाही. फक्त सभेत उभं राहून "मी देणार नाही" असं ओरडू नका. ते नवशिक्याचं काम झालं. आमच्या शिवडीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त चीफ इंजिनिअर राहतात, आयुष्यभर जहाजावर काढलेले. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. जहाजांच्या धुराचा विषय जगाने ज्या अदबीने लांबवला, त्यापुढे आपल्या सोसायट्या म्हणजे बालवाडी.

पहिली गोष्ट, गळती नेमकी कोणाची हे ठरू देऊ नका. स्लॅब सोसायटीचा की वरच्या फ्लॅटचा, यावर दोन पावसाळे सहज निघतात. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांना आपापला धूर घटवायचे आकडे दिले, पण परदेशी वाहतुकीच्या जहाजांचा धूर कोणाच्याच खात्यावर मांडला नाही. तो विषय गेला लंडनला, टेम्सच्या काठी, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे. एकूण धूर किती घटवायचा याचा पहिला आकडा तिथून बाहेर पडला २०१८ साली. मधल्या २१ वर्षांत कोणी झोपलं होतं असं समजू नका. बैठका चालू होत्या.

तोवर तुमचा फ्लॅट मेहुण्याच्या नावावर करून टाका. जहाजाचा मालक ग्रीक, खलाशी रत्नागिरीचे, माल चिनी आणि झेंडा, म्हणजे नोंदणी, लायबेरियाची असू शकते, मग धुराबद्दल कोणाच्या दारात जाणार? ज्या मंगोलियाला समुद्रच नाही, त्याच्याही झेंड्याखाली जहाजं फिरतात. मेहुणा दुबईत असेल तर उत्तमच.

"फक्त" हा शब्द जवळ ठेवा. जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी जहाजांचे "फक्त" तीनेक टक्के. आमच्या साहेबांच्या शोकेसमध्ये इंधनाच्या नमुन्याची एक बाटली आहे. परवा त्यांनी ती माझ्यासमोर उलटी धरली. आतला काळा ऐवज बराच वेळ विचार करत राहिला, मग नाइलाजाने खाली सरकला. रिफायनरीत चांगलं सगळं काढून घेतल्यावर तळाशी उरतं ते हे. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जात नाही. दर मे महिन्यात आमचा कंत्राटदार गच्चीवर जे डांबर ओततो, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ.

बरं, स्वस्त उपाय नाहीत असं नाही. वेग दहा टक्के कमी केला तर इंजिनाला लागणारी ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटते. पण जहाजाच्या भाडेकरारात लिहिलेलं असतं, लवकरात लवकर पोचा. म्हणून जहाज जीव खाऊन धावत येतं आणि बंदराबाहेर धक्का रिकामा होण्याची वाट बघत नांगर टाकून बसतं. सिग्नल लाल दिसत असताना रिक्षा दामटणाऱ्याला आपण उगीच मुंबईकर समजतो. असले उपाय सभेत कोणी सुचवले तर "तज्ज्ञांकडून अहवाल मागवू" म्हणा आणि पुढचा विषय घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ठरावाची भाषा. जुलै २०२३ मध्ये लंडनला सर्वांनी एकमताने मान्य केलं की जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. कधी, तर २०५० पर्यंत किंवा त्या सुमारास, म्हणजे त्याच्या जवळपास, आणि तेही वेगवेगळ्या देशांची परिस्थिती लक्षात घेऊन. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. आमचे सेक्रेटरी "गणपतीपर्यंत काम होईल" असं लिहून दरवर्षी शिव्या खातात. "गणपतीपर्यंत किंवा त्या सुमारास" लिहिलं असतं, तर दिवाळीही त्यातच बसली असती. २०३० साठी तर किमान २० टक्के कपात आणि ३० टक्क्यांसाठी "प्रयत्नशील" राहायचं ठरलंय. प्रयत्नशील राहायला वर्गणी लागत नाही.

तरीही एखाद्या सभेत पैशाचा विषय निघतोच. एप्रिल २०२५ मध्ये निघाला. मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या मोठ्या जहाजांकडून टनामागे १०० ते ३८० डॉलर घ्यायचे, या आराखड्याला ६३ देशांनी होकार दिला, त्यात आपण आणि चीनही होतो. १६ विरोधात गेले. अमेरिका वाटाघाटींतून आधीच उठून गेली होती. मार्शल बेटांसारखे प्रशांत महासागरातले देश तटस्थ राहिले. त्यांची जमीन समुद्रापासून जेमतेम दोन मीटर वर, आणि एवढ्याशा वर्गणीने आपण वाचणार नाही, हे त्यांचं म्हणणं. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूही अशाच हात वर करत नाहीत. त्यांच्या पलंगावर पाणी पडतं आणि सभा डांबराच्या ठिगळावर मत मागते. (मार्शल बेटांच्या झेंड्याखाली हजारो जहाजं हाच धूर सोडत फिरतात, ती गोष्ट वेगळी. काकूंचाही एसी बाराही महिने चालू असतो.)

होकार मिळाला म्हणून हातपाय गाळू नका. खरा डाव पक्क्या मंजुरीच्या सभेत असतो. ती ऑक्टोबरमध्ये होती. अमेरिकेने आधीच बजावलं होतं की बाजूने मत देणाऱ्यांना व्हिसाची अडचण येईल, त्यांच्या जहाजांवर बंदरात जादा शुल्क बसेल. आमच्याकडे हे काम दोन पार्किंग अडवून बसलेले गृहस्थ करतात: "बघतो उद्या तुझी गाडी कशी बाहेर निघते." मग सौदी अरेबियाने सुचवलं, सभा वर्षभर तहकूब करू. ५७ बाजूने, ४९ विरुद्ध. आपल्याकडे कोरम नसला की सभा अर्धा तास तहकूब होते आणि आपण तेवढ्यावर खूश होऊन समोसे खातो. वर्षभर! मागणारा पाहिजे.

तेव्हा तहकुबीची सूचना तुम्ही स्वतः मांडू नका, पार्किंगवाल्यांना मांडू द्या. तुम्ही नुसतं अनुमोदन द्या आणि गच्चीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केल्याचं मिनिट्समध्ये न विसरता लिहून घ्या. सभा आटोपल्यावर जिन्याने वर जाऊ नका. त्या वेळेला काकू बादली रिकामी करायला दारात उभ्या असतात, आणि बादली जड असते, हात लावावा लागतो.