जपणं रक्तात नसतं

पुण्यातला आणखी एखादा वाडा पाडल्याची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ठरलेलं वाक्य येतं: इंग्रजांना जुन्याची किंमत असते, आपल्याला नाही. मी इंग्लंडमधल्या डर्बीत राहते, म्हणून दुजोरा माझ्याकडून हवा असतो. मी तो देणार नाही.

केडल्स्टन हॉल ही जुनी हवेली माझ्या घरापासून गाडीने जवळच. नथॅनिएल कर्झन या उमरावाने हे घर मुळात कलासंग्रह मिरवण्यासाठी बांधलं. 1760 मध्ये वास्तुकार रॉबर्ट ॲडमने काम हाती घेतलं. त्याच्या मार्बल हॉलमध्ये अलाबास्टर या मऊ दगडाचे 20 खांब आहेत आणि मागचं घुमटाचं मोठं दालन रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावरून सुचलेलं. दिवाणखान्यातल्या जॉन लिनेल या कारागिराच्या कोचांना सोनेरी जलपऱ्यांनी तोलून धरलंय. पाहुण्यांना घर दाखवायला गार्नेटबाई नावाची हाउसकीपर असे. चित्रांची यादी हातात घेतलेलं तिचं चित्रच इथे आहे. मालकांइतका मान तिला मिळालेला बघून मला दरवेळी बरं वाटतं.

पण हे सगळं इंग्रजांच्या स्वभावामुळे टिकलं का? विसाव्या शतकात वारसाकर वाढले, नोकरवर्ग मिळेना, आणि याच इंग्रजांनी शेकडो हवेल्या पाडल्या, चित्रं लिलावात काढली. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला त्यावर प्रदर्शन भरवावं लागलं, तेव्हा कुठे लोक हादरले. नॅशनल ट्रस्टला, म्हणजे वारसा जपणाऱ्या इथल्या संस्थेला, अशी घरं घेता यावीत म्हणून आधी 1937 चा कायदा झाला होता. केडल्स्टन 1987 मध्ये ट्रस्टकडे आलं, तेही सार्वजनिक पैशाचा टेकू मिळाल्यावर. इथे कायदा आहे, करसवलत आहे, खोल्याखोल्यांत उभे राहणारे निवृत्त स्वयंसेवक आहेत. पुण्यातल्या वाडामालकाकडे जुन्या भाड्याचे भाडेकरू आणि भांडणारे वारस आहेत. त्याला रक्ताचा दोष लावणं मला अन्यायाचं वाटतं.

याच घराण्यातल्या लॉर्ड कर्झनने व्हाइसरॉय असताना 1904 चा प्राचीन स्मारक कायदा केला. आशियातून आणलेल्या वस्तूंचं दालन इथे खाली आहे. त्याच्या बायकोचा 1903 च्या दिल्ली दरबारातला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही इथलाच, दिल्लीच्या कारागिरांनी जरीत आणि भुंग्यांच्या पंखांत मढवलेला. तो बघायला मी पुन्हा पुन्हा जाते. हिंदुस्थानच्या पैशावर आणि हातांवर उभी राहिलेली श्रीमंती तिथे दिसते आणि तरी ते काम मला मोहवतं.

मावसभाऊ म्हणतो, 'तिकडे बसून शिकवू नकोस, ताई.' मी त्याच्या गळक्या छपराखाली राहत नाही, हे खरं. केडल्स्टनमधलं कोणतं चित्र कुठे लावलंय हे मला पाठ आहे. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं मात्र मी पर्यटक म्हणूनच पाहिलीत. हे मला टोचतं. पण बोलणं मी सोडणार नाही: वाडामालकाला करात सूट आणि दुरुस्तीला पैसा द्या, मग विचारा त्याला जुन्याची किंमत आहे की नाही.