बॅकअप बुडवण्याचा सोपा मार्ग

लिनक्सवर एक्सटर्नल ड्राइव्ह लावताय? मग आधी एफस्टॅब उघडा, म्हणजे कुठला ड्राइव्ह कुठल्या फोल्डरला जोडायचा याची यादी, आणि ऐटीत मशीनने दिलेलं 'एसडीबी १' हे नाव लिहून टाका. जो आधी जागा होईल तो एसडीबी, मागून येईल तो एसडीसी. कोण कधी जागा होतो हे मशीन ठरवेल, तुम्ही कशाला डोकं लावता?

दोन्ही ड्राइव्हना 'न्यू व्हॉल्यूम' हेच लेबल ठेवा. दुसरा आपोआप 'न्यू व्हॉल्यूम१' होतो, सोय आहे.

त्या यादीत 'नोफेल', म्हणजे 'ड्राइव्ह नसला तरी पुढे चल', अजिबात लिहू नका. ड्राइव्ह घरी राहिला की मशीन ९० सेकंद त्याची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. तेवढ्यात चहा होतो.

ड्राइव्ह माउंट झालाय का, म्हणजे त्याच्या फोल्डरला खरंच जोडला गेलाय का, हेही बघू नका. रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करत राहा, सिस्टिम डिस्क भरली की कळेलच.

आणि मुख्य उपाय म्हणजे आरसिंकला, म्हणजे एका ड्राइव्हची दुसऱ्यावर नक्कल करणाऱ्या कमांडला, 'डिलीट' (मूळात नाही ते नकलेतूनही पुस) जोडून रात्रीच्या कामाला लावा. आमच्या निपाणीच्या स्टुडिओत एका जाणकाराने पैसे घेऊन हेच करून दिलं होतं. एसडीबीवर लग्नाचं काम, एसडीसीवर बॅकअप. ऐन लग्नसराईत संध्याकाळी लाईट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि या खेपेला बॅकअपचा ड्राइव्ह आधी जागा झाला. नावांची अदलाबदल! रात्री आरसिंकने आज्ञाधारकपणे जुना बॅकअप हाच खरा माल मानला, कामाच्या ड्राइव्हवर तो ओतला, आणि त्यात नसलेलं सगळं पुसलं. म्हणजे त्याच दिवशी ड्राइव्हवर उतरवलेलं हळदीचं शूटिंग. कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्या लग्नाला फॉरमॅट होऊन गेलेली. सकाळी नवरीचे वडील फोनवर, "अहो, हळदीचं कुठं हाय?" नवऱ्याकडचे कन्नडमधून तेच विचारत होते. हळद दोन्ही भाषांत गेली. जाणकारांना फोन लावला तर म्हणाले, "यूएसबीत असं हुतंयच की."

हुतंयच की? अरे, शेताच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर असतो, 'वाटेत पहिलं लागणारं शेत' असं तलाठी लिहितो का? प्रत्येक फाइलसिस्टिमला, म्हणजे फॉरमॅट करून ड्राइव्हवर केलेल्या मांडणीला, यूयूआयडी हा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. ईएक्सटी४ या प्रकाराला ३६ अक्षरांचा, एक्सफॅटला आखूड. ड्राइव्ह कुठल्याही पोर्टात खुपसा, तो बदलत नाही. फॉरमॅट केला की मात्र नवा होतो. 'एलएसबीएलके -एफ' ही कमांड मारली की समोर दिसतो. तो एफस्टॅबमध्ये उतरवायला दोन मिनिटं लागतात. पुढे 'नोफेल' लिहायचं, यादी चालते का हे 'माउंट -ए' चालवून बघायचं, आणि स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करायची. एवढंही करायचं नसेल तर लोकांच्या मशीनला हात लावायला जाता कशाला? दुसऱ्याच्या घरचं कार्य तुमच्या आळसावर टांगून ठेवता आणि वर पैसे मागता? उघडा तो एफस्टॅब आत्ताच्या आत्ता, आणि 'एसडीबी' दिसलं की खोडा!