गुन्ह्याची नोंद लपवायला सांगणारा संदेश मुलांच्या मुळावर येतो आहे

पोलीस आणि निमलष्करी दलांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. नावावर एकदा गुन्हा दाखल झाला की सरकारी नोकरी कायमची गेली, खटल्यातून सुटका झाली असेल तर फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहावे, जुनी प्रकरणे पोलिसांना सापडत नाहीत आणि सापडलीच तर न्यायालय नोकरी परत देते, अशी चार विधाने त्यात असतात. चारही चुकीची आहेत, पण दुसरे सर्वांत घातक आहे.

पहिल्या विधानाने मुले आधीच खचतात. प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) म्हणजे पोलिसांकडे आलेल्या माहितीची नोंद; त्यातून कोणी गुन्हेगार ठरत नाही. नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती दडवण्याबाबतच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 21 जुलै 2016 रोजी स्पष्ट केले, की किरकोळ स्वरूपाचा प्रलंबित खटला उमेदवाराने खरेपणाने नमूद केला असेल, तर परिस्थिती पाहून त्याला खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून नियुक्ती देता येते. मात्र खरे सांगितले म्हणून नियुक्ती हक्काने मिळत नाही, पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार खात्याकडे राहतोच, हेही त्याच निकालात आहे.

आता दुसरे विधान. केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती भरून देण्याच्या फॉर्ममध्ये, एकच प्रश्न नसतो. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला चालला होता का, तुमच्याकडून बंधपत्र घेतले होते का, न्यायालयाने दंड केला होता का, तुम्ही दोषी ठरला होता का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलेल्याचे उत्तर ‘दोषी ठरला होता का’ या प्रश्नापुरते ‘नाही’ असते. अटक आणि खटला झालाच असेल, तर तिथे ‘होय’ लिहावे लागते. बांधावरच्या मारामारीत तक्रारदार घरातल्या सगळ्यांची नावे घालतो, वर्षभराने तडजोड होते, आणि ‘मॅटर मिटलंय’ म्हणून मुलगा सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत, बाँड (बंधपत्र) लिहून दिलेल्यांना तर बंधपत्राचा प्रश्न आपल्याला लागू होतो हेच ठाऊक नसते. त्याच नमुन्याच्या सुरुवातीला ताकीद छापलेली असते, की खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरेल. म्हणजे ज्या प्रकरणाकडे कदाचित काणाडोळा झाला असता, ते लपवल्यामुळे नोकरीवर बेतते. प्रकरणाची माहितीच नसलेल्या उमेदवाराला लपवल्याचा दोष देता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले आहे. पण स्वतः न्यायालयाच्या तारखांना हजर राहिलेल्याला तो आधार कसा मिळणार?

वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या कृत्याची गोष्ट वेगळी आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालकाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला असेल तर हे संरक्षण नसते.

पोलिसांना सापडत नाही, हा तर निव्वळ गैरसमज आहे. सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय प्रणालीने देशभरातील पोलीस ठाण्यांच्या नोंदी जोडल्या आहेत, संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2016 पासून आहे, आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो.

न्यायालय वाचवेल या भरवशावर तर कोणीच राहू नये. संदेशात 2011 च्या संदीप कुमार प्रकरणाचा दाखला असतो. तिथे विशीतल्या तरुणाने मारहाणीचा, तडजोडीने मिटलेला खटला दिल्ली पोलिसांपासून दडवला होता, आणि तरुणपणीची चूक म्हणून न्यायालयाने त्याला सांभाळून घेतले. परंतु 2022 या एकाच वर्षात दोन वेगळे निकाल लागले. रेल्वे सुरक्षा दलातील एका उमेदवाराला मे महिन्यात दिलासा मिळाला, तर प्रलंबित खटला न सांगणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील जवानाची सेवासमाप्ती सप्टेंबरमध्ये कायम राहिली. शिवाय दिलासा मिळतो तोही कित्येक वर्षांच्या खटलेबाजीनंतर, आणि ती वर्षे कोणी परत देत नाही.

फॉर्म भरण्याआधी गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालयाचे नाव आणि निकालाची तारीख एका कागदावर काढावी, निकालाची प्रमाणित प्रत मिळवून सोबत जोडावी, आणि प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे वाचून उत्तर लिहावे.