पाणी येतं ना? मग टिक!

आज सकाळी आईचा फोन. "अरे, एक पोरगा येऊन गेला टॅब घेऊन. नगरपंचायतीकडून का कुठून. सेवा कशा मिळतात विचारत होता."

म्हटलं, काय काय विचारलं?

"पाणी येतं का म्हणाला. म्हटलं येतं. रोज येतं का? म्हटलं पाचव्या दिवशी. तर म्हणे, म्हणजे येतं ना आजी, आणि केलं काहीतरी टिक. चांगला होता बिचारा. चहा घेऊन गेला."

आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र दिवसभर ऑफिसात धुमसतोय. त्या पोरावर राग नाही, त्यालाही संध्याकाळपर्यंत अख्खी आळी उरकायची असणार. पण याला म्हणे सेवांचा आढावा!

मला राहून राहून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तांब्या आठवतोय. जुन्या मित्रांना माहीत आहे ही गोष्ट, तरी परत सांगतो. मी आठवीत होतो. १५ ऑगस्टची ग्रामसभा, झेंडावंदन उरकून शाळेच्या पटांगणात. अण्णा घरून तांब्या घेऊन आले, वर फुलपात्र पालथं. सरपंचांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या, पाणी घ्या." आत नळाचं पाणी, त्यात तांबड्या अळ्या वळवळत होत्या. सरपंच आमच्याच भावकीतले, हसण्यावारी न्यायला लागले. अण्णा शांतपणे ग्रामसेवकाकडे वळले, "भाऊसाहेब, प्रोसिडिंगला घ्या. सरपंचांनी पाणी प्यायलं नाही."

आठ दिवसांत टाकी धुतली गेली.

पुढे २०१४ च्या आसपास सरकारने ठरवलं, तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत नको, नगरपंचायत हवी. झालं. झोपलो तेव्हा खेडूत होतो, उठलो ते शहरी. चौकात फटाके. मीही तेव्हा इथेच "आमचं गाव आता शहर!" अशी पोस्ट टाकली होती, फेसबुक दरवर्षी आठवण करून देतं आणि मी दरवर्षी तोंड लपवतो.

शहर होतं कसं, तर ७४व्या घटनादुरुस्तीने निकष दिलेत, १९९३ पासून लागू आहेत. लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेर पोट भरणाऱ्यांचं प्रमाण, आर्थिक महत्त्व. आपल्या राज्याच्या कायद्यात नगरपरिषदेला किमान २५ हजार डोकी, लाखाच्या वर गेलं की 'अ' वर्ग, महापालिकेला ३ लाख. हरकती ३० दिवसांत लेखी द्या. आता मला सांगा, या सगळ्यात नळ कुठे आहे? गटाराचं पाणी कुठे सोडणार, ते कुठे आहे? डोकी मोजली, पाटी बदलली, मोकळे!

बरं, मोजपट्टी नाही म्हणावं तर तीही आहे. केंद्राने २००८ मध्ये शहरी सेवांचे मानक ठरवलेत. पाणी, मैला, कचरा, पावसाळी पाणी मिळून २८ निर्देशांक. शहरात माणशी रोज १३५ लिटर. खेड्याला केंद्राच्या जलजीवन मिशनच्या हिशोबाने ५५. म्हणजे आजच्या घडीला, केवळ शहरात राहते म्हणून आईचं पाणी कागदावर अडीचपट आहे. नळाला तेवढं कुणी कळवलेलं नाही.

हो, मान्य. स्मशानभूमीला शेड आली, पेठेत काँक्रीट झालं, अग्निशमनची गाडी आली. आणि ग्रामसभाही काही सोन्याच्या नव्हत्या. कोरम नाही म्हणून तहकूब, मग घरोघर फिरून सह्या. बायका मागे भिंतीला टेकून. आई तिथे एकदाही बोलली नाही. लिहिलं, झालं समाधान?

पण वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात हा कायदा आहे, आणि तिथे कुणीही उठून उभा राहू शकतो. नगरपंचायतीत १७ नगरसेवक बोलतात. माझ्या बापाने तांब्या कुठे ठेवायचा?

मोठ्या शहरांनी गिळलेल्या गावांचं तर बोलूच नका. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला परत आत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला पुण्यात घेतली, २०२४ ला बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. गाव आहे का दाराची कडी? पुण्यात २०२१ ला आणखी २३ गावं घेतली, ग्रामपंचायती बरखास्त. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षं त्या लोकांना ना सरपंच, ना स्वतःचा नगरसेवक. तांब्या राहू द्या, टेबलच नाही! आणि २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण कुठे निघाले? पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, अशाच अलीकडच्या वर्षांत आत घेतलेल्या पट्ट्यात. संशय कशावर? पाण्यावर. तिथेही आधी कुणीतरी टिक केलंच असेल.

"मग काय, गावं गावंच ठेवायची का," असं कुणीतरी खाली लिहिणारच. नाही रे बाबा. करा शहर. पण आधी पाणी दाखवा, मग पाटी लावा. आणि वर्षातून चारदा पटांगणात खुर्ची टाकून बसा, समोर कुणीही येऊ दे.

आता जेवण झाल्यावर आईला परत फोन केला. राग ओसरला होता, उगाच विचारलं, अण्णांचा तो तांब्या आहे ना गं?

"कुठला? तो? घंगाळाबरोबर मोडीत घातला की. ड्रम घेतला मोठा. पाच दिवसांचं पाणी कशात साठवू?"

मला काय बोलावं सुचेना. तीच म्हणाली, "थांब, नळ खोकायला लागला. पाणी आलं वाटतं. ठेव तू."