माहितीपुस्तिका लिहायला प्रोग्रामर असावं लागत नाही

‘मुक्त (म्हणजे कुणालाही वापरता, बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायच्या तर प्रोग्रामिंग यायलाच हवं, आणि नाव मात्र कोड लिहिणाऱ्यांचंच छापलं जातं’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरचंच बघा. त्याच्या मार्गदर्शिका स्वयंसेवक लिब्रेऑफिसच्याच रायटर या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहितात; कोडची एक ओळही लागत नाही. पुस्तिका उघडली की सुरुवातीच्या कॉपीराइटच्या पानावर हातभार लावणाऱ्यांची नावं दिसतात, आधीच्या आवृत्त्यांवर राबलेल्यांचीसुद्धा.

मेनूतल्या पर्यायाचं नाव बदललं, पुस्तिकेत जुनंच राहिलं, की नवा माणूस तिथेच अडतो. अशी चूक बहुतेकदा नवख्यालाच दिसते. सरावलेल्याची नजर त्यावरून निसटून जाते. काही प्रकल्पांत थोडं गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकावं लागतं, पण ते प्रोग्रामिंग नव्हे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.