ससा शांत बसलाय? मग आधी त्याला बघा

"ससा कालपासून जरा शांत आहे, बाकी काही नाही," असा कुणाचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. बाकी काही नाही कसं? सशाचं दुखणं बाहेरून पुष्कळदा एवढंच दिसतं.

कुत्र्याला लागलं तर तो केकाटतो, लंगडतो, जवळ येतो. ससा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे दाखवलं की आपणच आधी पकडले जाणार, ही भीती त्याच्या रक्तातच आहे. पाय मोडला तरी तो कोपरा धरून गप्प बसतो, आणि घरचे म्हणतात, रुसलाय.

लहान मुलांना ससा उचलायला देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार. त्याची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दणकट. मागच्या बाजूला आधार न देता उचललं आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर त्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो. कान धरून उचलणं तर सरळसरळ क्रूरपणा आहे. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, तिथे सतरंजी तरी टाका.

रोज संध्याकाळी जमिनीवर बसून त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवा. कुठे अंग चोरतो? कुठे गाठ लागते? पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. ससा तोंड-नाक पंजांनीच पुसतो, त्यामुळे तिथली लव ओली होऊन चिकटली असेल तर दात, नाक किंवा डोळ्यांत काहीतरी बिघडलंय. तळपायांची लव झडून कातडी लाल झालीय का, तेही बघा. जाळीच्या पिंजऱ्यात हे हमखास होतं. पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघायचंच. ती जागा ओली, घाण राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात.

चेहराही बोलतो. 2012 मध्ये संशोधकांनी सशाच्या वेदना ओळखायची एक मोजपट्टीच प्रसिद्ध केली: अर्धवट मिटलेले डोळे, चपटे गाल, बदललेलं नाक, मिशा आणि कान. कुरवाळताना दातांची हलकी कुरकुर आनंदाची असते. अंग आखडून बसलाय आणि जोरात दात खातोय, तर त्याला कळा येताहेत.

खरा घात त्यानंतर होतो. दुखलं की तो खाणं सोडतो, खाणं सुटलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो आणि दुखणं आणखी वाढतं. लेंड्या बारीक व्हायला लागल्या की सावध व्हा. दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

घरातली कुठलीही गोळी देऊ नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेततं. कुत्र्यांचं फिप्रोनिलवालं पिसवांचं औषधही त्याला चालत नाही. सगळेच व्हेट ससे बघत नाहीत, म्हणून बघणाऱ्याचा नंबर आजच शोधून ठेवा. नेताना खोक्यात टॉवेल आणि वाळलेलं गवत ठेवा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी ठेवायला सांगितलं तर का, ते तिथेच विचारा.