नव्वदी गाठलेल्यांची नावे सांगून बीपीची गोळी बंद करायला लावू नका

गेल्या महिन्यात आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या गोळ्यांच्या डबीतले सोमवार ते रविवारचे सगळे कप्पे भरलेलेच दिसले. विचारल्यावर कळले, की बीपीची गोळी तिने अठरा दिवसांपासून घेतलेलीच नव्हती. आत्या 82 वर्षांची आहे आणि त्या संध्याकाळी तिचा रक्तदाब 192/104 भरला. गोळी बंद करण्याचे कारण व्हॉट्सॲपवर आलेला ‘शतायुषींचे रहस्य’ हा संदेश होता. महर्षी कर्वे, पंडित सातवळेकर, बाबा आमटे, बी. के. एस. अय्यंगार आणि लता मंगेशकर यांची छायाचित्रे देऊन त्यात म्हटले आहे, की यांनी इंग्रजी औषधाला कधी हात लावला नाही. पूर्वी सगळेच शंभरी गाठत. रोज दोन चमचे तूप पुरेसे असते. आणि बीपीची गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही, म्हणून ती आजच बंद करा.

पहिला दावा धडधडीत खोटा आहे. बाबा आमटे 93 वर्षे जगले. मणक्यांच्या दुखण्यामुळे कित्येक वर्षे त्यांना बसता येत नव्हते, एक तर उभे राहावे लागे किंवा आडवे व्हावे लागे, आणि त्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियाही करून घेतली होती. लतादीदी 92 व्या वर्षी गेल्या, त्या मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात जवळपास महिनाभर उपचार घेतल्यानंतर.

पूर्वी सगळेच शंभरी गाठत, हे म्हणणाऱ्याने कर्व्यांच्याच घरात डोकावून पाहावे. धोंडो केशव कर्वे 1858 ते 1962 असे 104 वर्षे जगले, हे खरे. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई मात्र 1891 मध्ये बाळंतपणात, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव 1953 मध्ये 71 व्या वर्षी गेले, म्हणजे वडिलांना मुलाचा मृत्यू पाहावा लागला. एकाच कुटुंबातल्या तिघांपैकी फक्त एकाचे छायाचित्र पुढे पाठवायचे आणि त्यावरून सगळ्या पिढीचे आयुष्य ठरवायचे, हा राधाबाईंसारख्या असंख्य स्त्रियांवर अन्याय आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे.

तुपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्याला पचते त्याने बेताने खावे. त्याने रक्तदाब उतरत नाही.

खरा धोका गोळीविषयीच्या दाव्यात आहे. गोळी सोडल्यावर दाब पुन्हा चढतो, कारण मूळ विकार तसाच असतो; त्याला गोळीची सवय लागणे म्हणत नाहीत. दाब चढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आत्याही मला हेच सांगत होती, की डोके दुखत नाही, मग गोळी कशाला? म्हाताऱ्या माणसांना या गोळ्यांचा उपयोग नाही, ही समजूतही 2008 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायवेट’ या चाचणीने खोडून काढली आहे. वरचा दाब 160 किंवा त्याहून अधिक असलेल्या, वयाची ऐंशी गाठलेल्या 3,845 रुग्णांपैकी निम्म्यांना इंडापामाइड हे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. औषध मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण 21 टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण 64 टक्क्यांनी कमी आढळले, म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

या संदेशातली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. ही माणसे चालत होती आणि शेवटपर्यंत कामात होती. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेले कर्वे वयाची सत्तरी ओलांडल्यावर परदेश दौऱ्याला निघाले होते. पण चालण्यासाठी गोळी सोडावी लागत नाही.

आत्याचे एक म्हणणे मात्र खरे होते: गोळी घेतल्यावर उठताना तिला गरगरत असे आणि हे तिने डॉक्टरांना कधी सांगितलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी बसवून, मग उभे करून दाब मोजला, गोळी बदलून दिली आणि पंधरा दिवस घरी दाबाची नोंद ठेवायला सांगितली. ती वही आता फोनशेजारीच असते.